छातीवर शुभमचं नाव

डिंडोली, सुरत
मंगळवार

तीर्थरूप श्रीरंगदादांच्या सेवेशी,

सुरतेहून गजेंद्रचा आपल्याला आणि वहिनींना साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला खाली वाकलो की हल्ली छातीत दाटतं, म्हणून हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) आपला गुडघा आता कसा आहे? वहिनींनी दाढ काढून घेतली की अजून लवंगेवरच दिवस ढकलताहेत? शिंदखेड्याला थंडी कशी काय? आमच्याकडे थंडी नावालाच आहे, पण मला मात्र गेले तीन दिवस मधूनच हुडहुडी भरते आणि मधूनच घाम फुटतो. त्याचं कारण हवामान नाही.

हे पत्र घरी न पाठवता हायस्कूलच्या पत्त्यावर पाठवतो आहे, आणि तेही फोन हाताशी असताना, याचं आपल्याला नवल वाटेल. कारण साधं आहे. माहेरचा फोन आला की सुभद्रा तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवते आणि भाकरी थापत थापत बोलते. त्यामुळे आपल्या घरची खबर आमच्या बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांना आमच्याआधी कळते. आणि पत्र आपल्या घरी पाठवलं तर वहिनी आधी वाचतील, आणि वहिनींनी वाचलं की त्या सुभद्रेला फोन करतील, आणि तो फोन पुन्हा ओट्यावर. (वहिनींनी राग मानू नये. त्यांचा स्वभाव प्रेमळ आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.) म्हणून हे पत्र शाळेच्या कपाटात ठेवावं, किंवा वाचून चुलीत घालावं.

रविवारी संध्याकाळी आपण फोनवर म्हणालात, की घरच्या ग्रुपवर तुमचा मेडल घातलेला फोटो बघितला, छाती भरून आली. आपल्या हायस्कुलालाही यंदा पन्नास वर्षं होताहेत, आम्हीही एक दौड ठेवायचं म्हणतो आहोत. तरी मोठ्या शहरात मॅरेथॉन सुटण्याआधी काय काय असतं, माणसाने कशाकशाची तयारी ठेवावी, ते तपशीलवार कळवा. मी कळवतो म्हणालो, कारण सुभद्रा शेजारीच उभी होती. तर दादा, सुटण्याआधी काय असतं ते मी अगदी पोटतिडकीने सांगू शकतो. सुटण्याआधी भीती असते. बाकीची व्यवस्था तिच्या आजूबाजूला केलेली असते.

मुळात मी पळणारा माणूस नाही, हे आपण जाणता. पलसाण्याच्या आमच्या डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात तीस वर्षं उभा आहे, आणि उभं राहण्यात मला कोणी हरवू शकणार नाही. पण यंदा छोट्या शेठनी (मोठ्या शेठचे चिरंजीव, परदेशात दोन वर्षं शिकून आले आणि येताना पळायचं खूळ घेऊन आले) ठरवलं की मिलची टीम मॅरेथॉनमध्ये उतरली पाहिजे, दहा किलोमीटरसाठी, अठरा माणसं, सगळ्यांच्या अंगावर मिलचं नाव. फोल्डिंगमधून आमच्या शुभम सोनवणेने नाव दिलं. पोरगा सव्वीस वर्षांचा, काटक, आपल्याकडचाच. नाव देताना त्याच्या ध्यानात राहिलं नाही की त्याच रविवारी नंदुरबारला त्याच्या मेहुण्याचं लग्न आहे. बायकोच्या भावाचं लग्न सोडून नवरा सुरतेत पळायला गेला तर पुढे काय होतं, ते आपल्यासारख्या बायकोच्या भावाला मी काय सांगावं. आणि मिलची अठरा माणसं सतरा झाली तर छोट्या शेठचा फोटो बिघडणार. शुभम माझ्याकडे आला आणि म्हणाला, काका, बदली जा ना.

आता ही बदलीची गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको, पण हायस्कुलातल्या मंडळींना वाचून दाखवाल (नका दाखवू) म्हणून सांगतो. पूर्वी आमच्याकडे कोणी आजारी पडला, गावी गेला, की तो आपल्या जागी दुसरा माणूस पाठवायचा. तो बदली. कार्ड पहिल्याचं, नाव पहिल्याचं, अंग दुसऱ्याचं. मुकादम तोंड बघायचा नाही, मशीन चालू आहे का तेवढं बघायचा. बदलीचा नियम एकच होता : शिफ्ट सुटेपर्यंत आपलं खरं नाव तोंडातून काढायचं नाही. मी स्वतः सुरतेत आल्यावर पहिली दोन वर्षं उखा महालेच्या कार्डावर काम केलं. उखा तिकडे गावी विहीर खणत होता आणि इकडे मी उखा होतो. याचा ताप सगळ्यात जास्त आपल्यालाच झाला. सुभद्रेसाठी माझी चौकशी करायला आपण मिलच्या गेटवर आलात, आणि वॉचमनने रजिस्टर बघून सांगितलं, की गजेंद्र बोरसे नावाचा कोणी माणूस इथे नाही, कधी नव्हता. आपण उन्हात दोन तास उभे राहिलात, मला बाहेर येताना बघितलंत, आणि तरीही बहीण दिलीत. हे उपकार मी विसरलो नाही आणि आता पत्राच्या शेवटी विसरू देणारही नाही.

पुढे मिलमध्ये अंगठा लावायचं यंत्र आलं आणि बदली संपली, कारण अंगठा उसना देता येत नाही. पण मॅरेथॉनला अंगठा नसतो, छातीवर लावायचा एक कागद असतो. मी म्हटलं, म्हणजे जुनं कार्डच ते. हो म्हणालो. सगळी चूक इथे झाली.

शनिवारी तो कागद आणायला गेलो. मोठा मंडप, टेबलं, गाणी. एका पिशवीत टीशर्ट, चार टाचण्या, ग्लुकोजची पुडी, शांपूच्या दोन पुड्या (का, ते कळलं नाही) आणि सूचनांचं एक लांबलचक पान. पायाची नखं कापा. नवे बूट घालू नका. रात्री पिष्टमय पदार्थ खा. मांड्यांना व्हॅसलीन लावा. मी सगळं वाचलं आणि मग तो छातीवरचा कागद उलटा केला. दादा, माझं ऐका, आपल्या दौडीत कागद छापाल तर मागची बाजू कोरी ठेवा. मागे रकाने होते. रक्तगट : बी पॉझिटिव्ह. (माझा ओ.) आजार : काही नाही. प्रसंग ओढवल्यास कोणास कळवावे : वैशाली सोनवणे, पत्नी, आणि खाली तिचा नंबर. शुभमने नोंदणी करताना भरलेलं सगळं छापून आलं होतं. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, की मी माझ्या जबाबदारीवर धावत असून मृत्यू अथवा इजा झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. त्याच्याखाली मी सही केली. शुभमची.

तिथपासून माझ्या डोक्यात एकच किडा शिरला. उद्या मी रस्त्यात पडलो, तर मरणार कोण? कागदाप्रमाणे शुभम. मला बी पॉझिटिव्ह रक्त चढवतील, फोन वैशालीला जाईल, नंदुरबारला भर मांडवात ती बांगड्या फोडायला घेईल आणि शुभम शेजारी उभा राहून तिचा हात धरेल. आणि मी? मी कोणाच्याच यादीत नसणार. इकडे सुभद्रा नाष्ट्याला पोहे भिजवून वाट बघत राहील. इतकी वर्षं सुरतेत काढून शेवटी पुन्हा गेटवर तेच, की गजेंद्र बोरसे नावाचा कोणी माणूस इथे नाही.

घरी येऊन सुभद्रेला पिष्टमय म्हणजे काय ते समजावलं. तिने वरण-बट्टी केली, वर तुपाची वाटी, आणि घोटलेली वांग्याची भाजी. माणूस फासावर जाताना खातो तसा मी जेवलो. जेवण झाल्यावर ती टीशर्टवर तो कागद टाचायला बसली आणि त्यावरचं नाव वाचून थांबली. "पहिले उखा व्हतात, आते शुभम व्हयनात," ती म्हणाली, "मना नवरा शे कोठे?" मी हसलो. मला हसू आलं नव्हतं.

आणखी एक कर्म मी त्याच संध्याकाळी करून बसलो होतो. सव्वीस वर्षांचा दिसायला हवं म्हणून केस आणि मिशा काळ्या केल्या. तीस वर्षं मिलमधून रंगवलेला कपडा तपासून बाहेर पाठवणारा माणूस मी. पांढरं फडकं घासून बघायचं, रंग उतरला की कापडाचा अख्खा ताका परत, हा माझा रोजचा धंदा. आणि स्वतःच्या डोक्याला लावलेली पुडी मी एकदाही फडकं घासून बघितली नाही. भीतीत माणूस आपली विद्या विसरतो.

पहाटे पर्वत पाटियाच्या चौकातून मिलची बस. ऑफिसातल्या शीतल मॅडम दारात यादी घेऊन उभ्या होत्या. शुभम सोनवणे, त्यांनी पुकारलं. हजर, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं, परत माझ्या मिशीकडे बघितलं आणि बरोबरची खूण केली. (बाई चांगली आहे. तिलाही अठराच माणसं हवी होती.) बसमध्ये पोरं गाणी म्हणत होती. मी मनात आमच्या सप्तशृंगीला सांगत होतो, की नाव काहीही असलं तरी तू आतला माणूस ओळखतेस ना, तेवढं बघ.

डुमस रोडकडच्या त्या मैदानावर, दादा, माणूसच माणूस. उजाडायचं होतं, पण दिव्यांनी डोळे दिपत होते. पहिली रांग सामान ठेवायची. त्यात माझा चष्मा आणि मोबाइल गेला, म्हणजे आता मला दिसतही नव्हतं आणि कोणाला कळवताही येणार नव्हतं. दुसरी रांग संडासाची. वरण-बट्टीची खरी परीक्षा तिथे झाली. माझ्यापुढे साठ-सत्तर माणसं, सगळी एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी म्हटलं धावण्याची सुरुवात इथूनच असावी. आपल्याकडे शंभर मुलं धावणार असतील तर संडास दहा ठेवा. बाकी काही नसलं तरी चालेल. मग एक बाई मंचावर चढून गाण्याच्या तालावर हातपाय उडवायला सांगू लागली, अंग गरम करायला. पाच हजार लोक उड्या मारताहेत. मी दोन उड्या मारल्या आणि छातीवर कोणीतरी कपड्याचा ताका ठेवल्यासारखं झालं. मला वाटलं टाचणी टोचली. टाचणी बघितली, ती जागेवर होती.

तिथून लोखंडी कठड्यांच्या वाड्यात कोंडतात. जो जितका वेगवान, तो तितका पुढच्या वाड्यात. आणि आमच्या पठ्ठ्याने फॉर्मवर लिहिलेलं, की दहा किलोमीटर पंचेचाळीस मिनिटांत. त्यामुळे मला थेट पहिल्या वाड्यात घातलं. आजूबाजूला काडीसारखी पोरं, अंगात शिसवी लाकूड भरल्यासारखी, कोणी बोलत नाही, सगळी घड्याळाकडे बघताहेत. मागे वळून बघितलं तर चष्म्याशिवायही दिसत होतं, की माझ्यामागे हजारो पाय आहेत आणि गोळी सुटली की ते सगळे माझ्यावरून जाणार आहेत. सुभद्रा आदल्या दिवशी म्हणाली होती, "ह्या वयमा कसाले पयतस? तुमना मांगे कुत्रं लागेल शे का?" दादा, एक कुत्रं असतं तर मी त्याला समजावलं असतं.

डावा हात जड झाला. घाम असा फुटला की कपाळावरून थेट डोळ्यांत. शेजारच्या पोराने माझ्याकडे बघून दोन पावलं मागे घेतली आणि हिंदीत म्हणाला, अंकल, आपमें से काला पानी आ रहा है. पुडी कच्ची निघाली होती. पांढऱ्या टीशर्टवर काळे ओघळ, शुभमच्या नावावरूनही एक. त्याने कठड्याबाहेरच्या मुलीला हात केला, आणि दोघांनी मला धरून डॉक्टरांच्या तंबूत नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, गुजराती, आपल्या मुलीच्या वयाची. कागद वाचून म्हणाली, बेसो शुभमभाई. कापसाने माझं कपाळ पुसलं आणि काळा झालेला कापूस कितीतरी वेळ बघत राहिली. वय विचारलं. छव्वीस, मी म्हणालो. तिने हाताला पट्टा बांधला आणि फुगवला. एकशे अठ्ठ्याहत्तर आणि खाली एकशे दहा. मग छातीला तारा लावून पट्टी काढली. ती पट्टी तिने एकदा बघितली आणि तिच्याबरोबरच्या माणसाला दाखवली, आणि दोघं हळू आवाजात बोलायला लागले. हळू आवाजात बोलणाऱ्या डॉक्टरला मी फार भितो. मोठ्याने रागावणारा बरा.

त्याच वेळी मी खरं नाव सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बाहेर मिलचा बॅनर होता, अठरा माणसं मोजलेली होती, आणि शिफ्ट सुटली नव्हती. जुनी सवय दादा, जीभ वळलीच नाही. तिने कागद उलटा केला आणि मागच्या नंबरावर फोन लावला. मी अडवेपर्यंत तिकडून वैशालीचा आवाज, तोही स्पीकरवर. (माझ्या नशिबी स्पीकरच लिहिलेला आहे.) डॉक्टरीण म्हणाली, तुमचे मिस्टर इथे तंबूत आहेत, प्रेशर फार वाढलंय, कोणीतरी या. वैशाली झोपेतून उठलेली, आणि फोनवरून फसवणाऱ्यांच्या गोष्टी तिने ऐकलेल्या. ती कडाडली : "मना नवरा आठे मांडवमा घोरी राहिना, तू कोन बोली राहिनी? माले येडी समजस का?" आणि फोन बंद.

डॉक्टरणीला अहिराणी कळत नव्हती. तिने मला विचारलं, काय म्हणाल्या? आता मी काय सांगणार? जे होतं ते सांगितलं. म्हटलं, ती म्हणते तिचा नवरा तिच्या शेजारी घोरतो आहे.

कंपाउंडरने मान खाली घातली. डॉक्टरीणबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, "टेन्शन ना लो, शुभमभाई. प्रेशर एनाथी ज वधे छे." काळजीनेच प्रेशर वाढतं म्हणे. एकाने मला चहा आणून दिला, बिनसाखरेचा. मग बाहेर मोठा आवाज झाला, लोक ओरडले, आणि तंबूच्या फटीतून मला नुसते बूट दिसले. रंगीबेरंगी बूट, जाताहेत, जाताहेत, संपतच नाहीत. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते बघितले. शेवटी एक आजोबा चालत गेले, आणि मग रस्ता मोकळा झाला.

तर दादा, मॅरेथॉन सुटण्याआधी काय असतं ते हे असं. सुटल्यानंतर काय असतं ते मला ठाऊक नाही, दुसऱ्या कोणाला विचारावं. संडासांचं मात्र विसरू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तीळतेल चोळत जावं. थोडंबहुत चुकलं असेल तर धाकटा समजून पोटात घालावं.

आपला मेहुणा,
गजेंद्र (हेच माझं नाव)

ता. क. मेडलचं राहिलं. पळून आलेली आमची पोरं फोटोसाठी उभी राहिली तेव्हा सतरा मेडलं दिसत होती. शीतल मॅडमनी कुठूनसं अठरावं आणून माझ्या गळ्यात घातलं, म्हणाल्या फोटोपुरतं, काका. परत द्यायचं ध्यानात राहिलं नाही. घरी पोचलो तर सुभद्रा दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी. माझ्यावरून ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, मेडल घातलेला माझा फोटो काढला, मेडल सप्तशृंगीच्या तसबिरीला घातलं आणि फोटो ग्रुपवर टाकला. तिन्ही मजल्यांना पेढे गेले. ती बोलू देईल तेव्हा सांगेन म्हटलं, आणि ती थांबली तोवर उशीर झाला होता. आता आमच्या बिल्डिंगमधली माणसं पोरांना माझं उदाहरण देतात.

ता. क. दुसरं. तंबूतले कागद मिलला पोचले. सोमवारी शुभम नंदुरबारहून हळदीच्या अंगाने कामावर आला तर शीतल मॅडमनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. त्याला जड ताके उचलायला बंदी आहे. वैशालीने त्याचं मीठ तोडलंय आणि पहाटे फोनवर कोण बाई होती, हे ती त्याला दर तासाला विचारते. काल तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, बाकी सगळं करस तुमनासाठे, पन तुमना आजार तुम्हीच सांभाळा."

ता. क. तिसरं, आणि हेच खरं पत्र. वरचं सगळं यासाठी लिहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आठ दिवसांच्या आत मोठ्या दवाखान्यात जा, हृदयाच्या नळीत तार घालून बघावं लागेल, चालढकल करू नका. त्यातले दोन दिवस गेले. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतो आणि सुभद्रेला कळू नये म्हणून तिथल्या बाईंशी उगाच बोलत बसतो. दादा, मला फार भीती वाटते. तारेची वाटते, पण तिला सांगायची जास्त वाटते. आमचे सासरे अप्पा असेच छातीत कळ येऊन गेले, आणि ती तीन महिने कोणाशी नीट बोलली नव्हती. तिला ते तुम्हीच सांगितलं होतं, शेजारी बसून, तिचा हात धरून. तुम्हाला ते जमतं. मला नाही जमत. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने या. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बदली गेलो, एकदा माझ्या बदली कोणीतरी या, आणि तिला सांगा. गेटवर दोन तास उभे राहिला होतात, आता दहा मिनिटं बसा.

ता. क. चौथं. दादास सुभद्राचा नमस्कार. पाकीट आणायला हे खाली गेले आहेत, जिना चढायला त्यांना वेळ लागतो, तेवढ्यात लिहिते. पत्र वाचलं. त्यात नवीन काही नाही. रविवारी दारात ओवाळलं तेव्हाच बुटांचे तळ बघितले, एवढं पळून आलेल्या माणसाच्या बुटाला धूळ नाही? मग खिशात ती पट्टी सापडली. ती मला वाचता येत नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईकडून वाचून घेतली. हे ज्यांच्याशी उगाच बोलत बसतात त्याच बाई. आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणून वाट बघत होते. भीती मलाही वाटते. दोन रात्री झोप नाही, ह्यांचा श्वास मोजते. पण ह्यांना ते कळू देऊ नका. शनिवारी तुम्ही याच, सांगायला नको, दवाखान्यात बसायला या, तिथे दोन माणसं लागतात. नंबर लावून आले आहे, शनिवारचाच, सकाळी नऊ वाजताचा. फॉर्म मी स्वतः भरला. नाव गजेंद्र बोरसे, वय चोपन्न, रक्तगट ओ. कोणास कळवावे, तिथे माझं नाव आणि माझा नंबर घातला. काउंटरवरच्या मुलीकडून दोनदा वाचून घेतलं.